तापीच्या खोऱ्यातील पाषाण : प्रस्तावना

अग्निज, गाळाचे आणि रूपांतरित अशी खडकांच्या तीन वर्गांची नावे शाळेत प्रत्येकाने कधी ना कधी पाठ केलेली असतात. परंतु ज्या वयात ती पाठ होतात त्या वयात, आणि दुर्दैवाने त्यानंतरही, त्या नावांचा आपल्या पायाखालच्या भूमीशी काही संबंध आहे असे फार थोड्यांच्या मनात येते. खानदेशातील वरणगावच्या मुलाला तर हा विषय विशेषच परका वाटावा अशी परिस्थिती आहे. त्याच्या क्रमिक पुस्तकात ज्वालामुखीचे चित्र असते ते शंकूच्या आकाराच्या धुमसत्या पर्वताचे, आणि असा पर्वत खानदेशात कोठेही नाही. वालुकाश्म, संगमरवर, पाटीचा दगड ही नावे येतात, आणि त्यांच्या खाणी शेकडो कोस दूर असतात. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याची रांग, मध्ये तापीचे सपाट खोरे, आणि जेथे खणावे तेथे आधी माती व मग तोच तो काळा दगड, एवढ्यावर त्याचा अनुभव संपतो. साहजिकच, ज्या मुलखात एकच दगड आहे तेथे दगडांविषयी शिकण्याजोगे ते काय असणार, अशी त्याची समजूत होऊन बसते. ही समजूत खोडून काढणे हा या पुस्तकाचा प्रधान हेतू आहे. पाषाण जन्मतो कसा, झिजतो कसा, माती होऊन वाहून जातो कसा आणि पुन्हा पाषाण होण्याच्या वाटेला लागतो कसा, हा क्रम सातपुडा आणि अजिंठा यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात इतका उघडा मांडलेला आहे की, तो पाहण्यासाठी अन्यत्र जाण्याचे आपल्याला फारसे प्रयोजन नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

त्याचा पडताळा घेण्यासाठी प्रथम डोंगरावरही जाण्याची गरज नाही. घरापासूनच आरंभ करावा. जुन्या घराचे जोते घडीव काळ्या दगडाचे असते. तो बेसॉल्ट; वितळलेल्या स्थितीत भूपृष्ठावर येऊन तेथेच थिजलेला, म्हणून अग्निज. ओसरीवरील करडी फरशी शहाबादची असते. ती ज्या चुनखडकाची आहे तो गुलबर्ग्याच्या बाजूस एका प्राचीन उथळ समुद्राच्या तळाशी थरावर थर बसून झाला, आणि त्या थरांमुळेच पाथरवटाने छिन्नी लावताच त्याची सपाट लादी उकलून येते. देवघराची बैठक संगमरवराची, बहुधा राजस्थानातील मकराण्याची. हा संगमरवरही मुळात चुनखडकच, परंतु भूगर्भातील ताप व दाब यांच्याखाली त्यातील कणन्कण नव्याने स्फटिकरूप झाल्यामुळे त्याचे थर पुसले गेले आणि त्याच्या अंगी ती पारभासक शुभ्रता आली. एका उंबरठ्याच्या आत तिन्ही वर्ग अशा रीतीने हजर असतात. अलीकडे स्वयंपाकघरातील ओट्यावर जो झिलई केलेला दगड बसवितात तोही येथेच पाहून घ्यावा. त्यातील दाणे नुसत्या डोळ्यांना वेगवेगळे दिसतात, आणि जोत्याच्या दगडातील दाणे भिंगाखेरीज दिसत नाहीत. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणून विकतात तो पुष्कळदा ग्रॅनाइट नसून जोत्यातल्या बेसॉल्टच्याच कुळातला असतो. भेद एवढाच की, एकाला उघड्यावर भराभर निवावे लागले आणि दुसऱ्याला जमिनीखाली सावकाश निवण्यास अवधी मिळाला, त्यामुळे त्याचे स्फटिक मोठे वाढले. खडकाच्या दाण्यावरून तो निवण्यास लागलेला काळ ओळखावयाचा, हा या शास्त्राचा पहिला पाठ ओट्याशी उभे राहून घेता येतो.

ज्या घरांत पंचायतनाची पूजा आहे त्यांचा देव्हारा तर याहून अधिक सांगतो. विष्णूच्या ठिकाणी जो शाळिग्राम असतो तो नेपाळातील काळ्या गंडकीच्या पात्रातून आलेला. त्याच्या पोटातील चक्र हे अ‍ॅमोनाइट नामक सागरी प्राण्याच्या शंखाचा ठसा असून, हिमालय उभा राहण्यापूर्वी त्या जागी जो समुद्र होता त्याच्या चिखलात तो प्राणी सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी गाडला गेला. शिवाच्या ठिकाणी नर्मदेतील बाण, पाण्याने घासून घासून गुळगुळीत केलेला. गणपतीच्या ठिकाणी शोण नदीतील तांबडा गोटा. सूर्याच्या ठिकाणी स्फटिक, म्हणजे खडकांच्या भेगांत उष्ण द्रावणांतून वाढलेले सिलिकेचे शुद्ध रूप. आणि देवीच्या ठिकाणी धातूची चमक असलेले खनिज. गाळाचा खडक, नदीची झीज, द्रावणातून वाढलेला स्फटिक आणि धातुक ही सारी एका ताम्हणात मावतात. ज्या पूर्वजांनी हे पाच दगड निवडले त्यांना आजचे भूशास्त्र अवगत नव्हते, परंतु दगडादगडांत भेद करणारी नजर त्यांच्यापाशी निःसंशय होती, आणि ती नजर पुन्हा कमावणे हे मी आपल्या शिक्षणाचे एक मोठे काम समजतो.

आता त्या काळ्या दगडाकडे वळू, कारण या पुस्तकाचा निम्म्याहून अधिक भाग त्यानेच व्यापला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, भारतभूमी आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेस, हिंदी महासागरातील आजच्या रेयुनियन बेटाजवळच्या तप्त स्थानावरून उत्तरेकडे सरकत असताना, तिच्या कवचास लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हा वर आला. एका शिखरातून झालेला तो स्फोट नव्हे. अकराशे अंश सेल्सिअसहून अधिक तापमानाचा तो पातळ रस भेगांतून उतू जाऊन मैदानेच्या मैदाने व्यापीत पसरला, थिजला, आणि त्याच्यावर काही काळाने दुसरा आला. असे थरावर थर साचून जो प्रदेश बनला त्याचे क्षेत्र आज झीज होऊन उरले आहे तेवढेच सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भरते. सह्याद्रीच्या बाजूस त्याची जाडी दीड-दोन किलोमीटरपर्यंत जाते, आणि त्यातील बहुतांश लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या अवधीत बाहेर पडला असे अलीकडील कालमापन सांगते. पृथ्वीचे वय सुमारे 454 कोटी वर्षे धरले म्हणजे हा अवधी किती अल्प होता हे ध्यानात येते. याच सुमारास डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे झाले. त्या संहारात मेक्सिकोतील उल्कापाताचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्यातून निघालेल्या वायूंचा वाटा किती, यावर विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही. क्रमिक पुस्तकात ज्वालामुखी म्हणून शंकूच्या पर्वताचे चित्र छापणाऱ्यांनी महाराष्ट्रासाठी निदान एक चित्र भेगेतून उसळणाऱ्या लाव्ह्याचे छापावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

हे थर एकापाठोपाठ एक आले, पण अखंड आले नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. दोन थरांच्या मध्यंतरी कधी इतका काळ गेला की, खालच्या थराची माथ्याकडून माती झाली, तीत पाणी साचून तळी झाली, झाडे वाढली, जीव नांदले. आणि मग पुढचा लाव्हा त्या सर्वांवर पसरला. नागपुरात मिशनरी म्हणून आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास टाकळीजवळ अशा दोन थरांमधील गाळात शिंपले व वनस्पतींचे अवशेष शोधून काढले. मुंबईत वरळीकडील तशाच गाळात सापडलेल्या चिमुकल्या बेडकांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये प्रसिद्ध केले. ज्या काळी महाराष्ट्र अग्नीने वेढलेला होता असे आपण समजतो, त्याच काळी येथे बेडूक पाण्याकाठी बसत होते.

खानदेशात हा सर्व प्रकार पाहण्याची उत्तम जागा म्हणजे नव्याने खणलेली विहीर. अजिंठ्याच्या दिशेने काही मैल गेले की जमीन उथळ होते आणि विहीर खणणाराला लवकरच खडक लागतो. वर हात-दोन हात काळी माती. तिच्याखाली मुरूम, म्हणजे हाताने चुरडता येईल इतका कुजलेला खडक. मग मांजऱ्या, ज्यात पहार रुतते पण सहज रुतत नाही. आणि मग पक्का काळा पाषाण, जेथे पहार ठेवून सुरुंगाची दारू आणावी लागते. एखादे वेळी त्या पाषाणाखाली विटकरी तांबडा, मऊ, चिकणमातीचा पट्टा निघतो. त्याला खणणारे गेरू म्हणतात. शास्त्राच्या परिभाषेत हे सारे असे वाचावे : मांजऱ्या हा लाव्ह्याच्या एका थराचा वरचा भाग, ज्यात वायूचे बुडबुडे वर चढून अडकले आणि पोकळ्या राहिल्या, पक्का पाषाण हा त्याच थराचा गाभा, जो सावकाश निवताना आकसला आणि उभ्या चिरांनी विभागला गेला, आणि गेरू म्हणजे मागच्या थराची त्या काळी झालेली माती, जी पुढच्या लाव्ह्याच्या धगीने भाजून निघाली. पाणी कोठे लागेल याविषयी अनुभवी खणणारा जे अनुमान बांधतो ते या रचनेशी पुष्कळ अंशी जुळते. पाणी पाषाणाच्या अंगात नसते, ते चिरांत, मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यावर असते. भूजलाविषयी व्याख्याने देणाऱ्यांनी या लोकांपाशी बसून आधी त्यांचे शब्द शिकून घ्यावेत, म्हणजे व्याख्यान शेतकऱ्याला कळेल.

त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांविषयी थोडे अधिक लिहिल्यावाचून माझ्याने राहवत नाही. लाव्हा थिजल्यानंतर त्यातून झिरपणाऱ्या पाण्याने खडकातीलच द्रव्ये विरघळवून घेतली आणि ती या पोकळ्यांच्या आतल्या कडांवर पुन्हा स्फटिकरूपाने बसविली. बोराएवढ्या पोकळीत बहुधा पांढरा ठिपका तेवढा दिसतो. पण माणूस आत बसेल एवढी पोकळी सुरुंगाने फुटून उघडते तेव्हा आत जो देखावा दिसतो त्याने खाणीतील जुन्या कामगाराचाही हात थांबतो. पीच फळाच्या गराच्या रंगाचे, पेंढीसारखे एकत्र बांधलेले स्टिल्बाइट, आणि त्यावर उभे असलेले, काचेहून स्वच्छ, चौकोनी अंगाचे व टोकाकडे निमुळते झालेले अ‍ॅपोफायलाइट. जळगाव जिल्ह्यातील हे नमुने जगातील संग्रहालयांत आणि खनिजांच्या शौकिनांच्या कपाटांत मानाने ठेवलेले आहेत, आणि त्यांच्या चिठ्ठीवर ‘जळगाव’ हे नाव असते. खुद्द जळगाव जिल्ह्यातील शाळांत मात्र असा एखादा नमुना क्वचितच दृष्टीस पडतो. येथे तो खडीच्या ढिगात जातो नाहीतर व्यापाऱ्याच्या खोक्यात. याच पोकळ्यांत सिलिकेची गारगोटी, अकीक व तत्सम खडे तयार झाले. मनुष्याने त्यांचा उपयोग फार पूर्वीच ओळखला होता. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी 1972–73 मध्ये जे उत्खनन केले त्यात अशा खड्यांची हत्यारे तर निघालीच, पण त्यांजबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचीवर कोरलेली नक्षीही निघाली, आणि तिचे वय सुमारे 25 हजार वर्षे ठरले.

भेगांतून लाव्हा आला असे वर म्हटले. वर येता येता जो रस भेगेतच अडकून थिजला त्याच्या उभ्या भिंती बनल्या, आणि भोवतीचा खडक झिजल्यावर त्या भिंती जमिनीबाहेर उघड्या पडल्या. धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत पूर्व-पश्चिम पसरलेल्या अशा भिंती शेकड्यांनी आहेत. साक्रीपासून धुळ्यावरून पारोळ्याकडे गेलेली एक भिंत तर सुमारे 79 किलोमीटर लांब आहे. मोटारीतून जाणाऱ्यास ती साधी टेकड्यांची रांग वाटते.

जन्माची कथा येथपर्यंत. झिजेची कथा याहून आपल्या जिव्हाळ्याची आहे, कारण खानदेशची शेती तिच्यावर उभी आहे. जो पाषाण पहारेला दाद देत नाही तो पावसाच्या पाण्याला आणि हवेला मात्र दाद देतो, फक्त त्याला काळ लागतो. पाणी चिरांतून शिरते आणि चिरांनी वेगळ्या केलेल्या प्रत्येक ठोकळ्याला चहूबाजूंनी कुरतडू लागते. ठोकळ्याच्या कडा आधी जातात, तो गोल होतो, आणि कांद्याप्रमाणे त्याचे पापुद्रे सुटू लागतात. रस्त्याकडेच्या कोणत्याही मुरमाच्या खाणीत हे गोल धोंडे व त्यांचे पापुद्रे पाहून घ्यावेत. या प्रक्रियेत खडकातील फेल्डस्पारपासून चिकणमाती होते, ऑजाइट व ऑलिव्हिन यांतील लोह गंजून तांबूस-पिवळा रंग देते, आणि चुन्याचा अंश पाण्याबरोबर खाली उतरून काळ्या मातीत चुनखडीचे खडे बनून राहतो. हेच खडे भाजून पूर्वी आपल्याकडील गढ्या आणि वाडे यांसाठी चुना होत असे. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते व उन्हाने आकसून भेगाळते. वैशाखात शेतात पडणाऱ्या ज्या भेगांत हात जातो त्यांचे मूळ साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या घटनेत आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनीही या झिजेचाच आश्रय केला. लेणी कोरली ती वाघूर नदीच्या वळणावरील लाव्ह्याच्या थरांत. आणि भिंतीवरील तांबडा व पिवळा रंग गेरूचा व पिवडीचा, हिरवा रंग बेसॉल्टच्या पोकळ्यांत सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. निळा तेवढा परदेशाहून आणलेल्या राजावर्ताचा होता.

मातीची खोली म्हणजे खडकाच्या झिजेची खोली, हे तत्त्व सरकार दरबारी फार लवकर रुजू झाले होते, जरी त्यामागील भूशास्त्र कोणी दप्तरात नोंदविले नाही. 1835–36 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी जमिनीच्या मोजणीची आणि प्रतबंदीची जी पद्धत बसविली, तीत मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून नऊ प्रती ठरविल्या होत्या. पावणेदोन हात खोल, बारीक काळ्या मातीस सोळा आण्यांची प्रत, आणि जसजसा खडक वर येईल तसतसे आणे कमी. म्हणजे महसुलाचा आकार ठरविताना सर्व्हे खात्याचा कारकून पहार खुपसून जे मोजीत होता ते, येथील पाषाण किती कुजला आहे, हेच होय. हीच मोजणी 1852 साली खानदेशात आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल या बाजूंस रयतेने तिला उघड विरोध केला आणि सरकारला फौज आणावी लागली. सारावाढीची धास्ती हे त्यामागचे कारण होते, आणि पुढे मोजणी पुरी झालीच. जुन्या प्रतबंदीचे तक्ते आज केवळ महसुलाचे कागद म्हणून पडून आहेत. भूशास्त्राच्या अभ्यासकाने ते गावोगावच्या मातीच्या खोलीचे दस्तऐवज म्हणून वाचावेत अशी माझी सूचना आहे.

झालेली माती जागच्या जागी राहत नाही. बैतूल जिल्ह्यातील मुलताईजवळ उगम पावून 724 किलोमीटरचा प्रवास करीत सुरतेपाशी समुद्रास मिळणारी तापी, चांगदेव येथे पूर्णेला पोटात घेऊन वरणगावच्या उत्तरेने वाहते. या खोऱ्याची रचना तिने केवळ पाण्याच्या जोराने केलेली नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी भूकवचाला मोठे विभंग आहेत, त्यांच्या उत्तरेची भूमी उंचावली आणि दक्षिणेची खचली, आणि त्या खचलेल्या भागात नदीने गाळ भरला. चोपडा तालुक्यात अडावदजवळील उनपदेवाचे ऊन पाणी याच तुटलेल्या पट्ट्यातून वर येते. म्हणूनच गाळाची जाडी उत्तरेस अधिक आहे. रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांत कूपनलिका शेकडो फूट खाली गेली तरी खडक लागत नाही. सुकी, मोर यांसारख्या नद्या सातपुड्यातून बाहेर पडताच वेग मंदावल्याने आपले मोठाले गोटे पायथ्याशी टाकतात, मग भरड रेती, मग बारीक गाळ. नदीने स्वतःच केलेली ही प्रतबंदी आहे. पायथ्याच्या त्या गोट्यांच्या पट्ट्यातूनच पावसाचे पाणी खोल मुरते, आणि केळीच्या बागांसाठी आपण ते मुरण्याहून अधिक वेगाने उपसत आहो. खालच्या गाळाची घडण समजून न घेता नव्या कूपनलिका घेत राहणे हा शुद्ध अविचार होय.

वरणगावकरांना गाळाचे कार्य पाहण्याची सोय तर अगदी दाराशी आहे. पावसाळ्यात हतनूर धरणाचे 41 दरवाजे उघडतात तेव्हा खाली कोसळणाऱ्या पाण्याचा रंग पाहावा. तो रंग म्हणजे सातपुड्याचा आणि वऱ्हाडचा झिजलेला बेसॉल्ट. जो गाळ धरणाने अडविला तो जलाशयाच्या तळाशी थराथराने बसत आहे आणि धरणाची साठवणूक घटवीत आहे. पाटबंधारे खात्याच्या दृष्टीने ती हानी आहे, आणि भूशास्त्राच्या दृष्टीने तो गाळाच्या खडकाचा आरंभ आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे. गाळाचा खडक होण्यास आणखी दोन गोष्टी लागतात, वरचे ओझे आणि कणांना सांधणारे द्रव्य. त्यांपैकी दुसरी गोष्ट तापीकाठी कितीतरी ठिकाणी घडून चुकली आहे; काठांवरील उंच दरडींच्या तळाशी चुन्याने घट्ट सांधलेल्या गोट्यांचे जे थर दिसतात, ते हातोड्यानेही सुटत नाहीत. त्यांना गाळ म्हणावे की खडक, हा प्रश्न विद्यार्थ्याने स्वतःच तेथे उभे राहून सोडवावा.

पूर्ण झालेला गाळाचा खडकही आपल्या तालुक्यात रोज येतो, आणि तो आगगाडीने येतो. भुसावळ-वरणगाव मार्गावरील दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्रात जो दगडी कोळसा जळतो तो गोंडवन काळातील दलदलींत गाडल्या गेलेल्या अरण्यांचा आहे, वय सुमारे 25 ते 30 कोटी वर्षे. त्या काळी भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, अंटार्क्टिका ही एकच भूमी होती. ऑस्ट्रियन भूशास्त्रज्ञ एडुआर्ड सुएस यांनी तिला गोंडवनभूमी हे नाव दिले, आणि ते आपल्या पूर्वेकडील गोंडांच्या मुलखावरून घेतले. आपल्या घरातील दिवा त्या अरण्यावर लागतो.

रूपांतरित खडकांचे प्रकरण या पुस्तकात सर्वांत लहान आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. खानदेशात ते उघडे नाहीत, आणि जेथे वस्तू समोर नाही तेथे शब्दांनी पोकळी भरण्यात अर्थ नाही. लाव्ह्याच्या धगीने भाजलेला गेरू हे रूपांतराचे अगदी धाकटे उदाहरण. आणि एक असामान्य उदाहरण वरणगावपासून फार दूर नसलेल्या लोणारला आहे, जेथे उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे विवर पडले, आणि आघाताच्या लाटेने फेल्डस्पारचे स्फटिक वितळल्यावाचूनच काचरूप झाले. ही आघातजन्य काच ओळखल्यामुळेच 1973 साली त्या विवराच्या उत्पत्तीचा वाद मिटला. परंतु खऱ्या, दीर्घकालीन रूपांतराचे खडक पाहण्यास नागपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांत जावे. तेथील पट्टिताश्म, अभ्रकाचे चमचमते पत्रे असलेले सुभाजा, संगमरवर आणि मँगनीजची धातुके ही सारी पुरातन गाळांची व अग्निज खडकांची दुसरी किंवा तिसरी अवस्था आहे; मनसर अथवा डोंगरी बुजुर्ग येथील खाणीतून निघणारे मँगनीज एके काळी समुद्रतळावरचा साधा गाळ होते.

असे खडक आपल्या काळ्या आवरणाखालीही आहेत, याचा प्रत्यक्ष पुरावा आपल्याला भूकंपांनी मिळवून दिला. 30 सप्टेंबर 1993 रोजी किल्लारीच्या परिसरात जो अनर्थ झाला त्यानंतर तेथे भूमीचे खोल वेधन करण्यात आले. 338 मीटर जाडीचा बेसॉल्ट संपला, त्याखाली गाळाचा एक पातळ थर लागला, आणि मग ग्रॅनाइटजातीचा अतिप्राचीन आधारखडक. कोयनेच्या परिसरात तोच आधारखडक गाठण्यास नऊशे मीटरहून अधिक बेसॉल्ट भेदावा लागला. लाव्हा आला तेव्हा ज्या भूमीवर तो पसरला ती भूमी आधीच शेकडो कोटी वर्षे जुनी होती.

पाषाण स्थिर नाही, तो एका रूपातून दुसऱ्या रूपात जात असतो, हा सिद्धांत स्कॉटलंडच्या जेम्स हटन यांनी 1788 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात मांडला. आणि त्या सिद्धांताच्या प्रकाशात आपले खोरे पहिल्यांदा पद्धतशीरपणे पाहिले ते विल्यम ब्लॅनफर्ड यांनी. 1851 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातर्फे त्यांनी तापी व खालची नर्मदा यांच्या खोऱ्यांवर लिहिलेला अहवाल 1869 साली प्रसिद्ध झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळ लोटला, त्यांचे कित्येक तर्क मागे पडले, पण त्यांनी पायी हिंडून जे पाहिले ते आजही विश्वसनीय आहे. तापीच्या मुखाशी, सुरतेत, 1883 साली जन्मलेले दाराशा वाडिया यांनी पुढे संपूर्ण भारताचे भूशास्त्र एका ग्रंथात आणले, आणि मराठी विश्वकोशासाठी क. वा. केळकर यांनी लिहिलेल्या नोंदींनी या विषयाला मराठीत काटेकोर परिभाषा मिळवून दिली. या पुस्तकात मी शक्य तेथे तीच परिभाषा ठेवली आहे. जेथे विहीर खणणाराचा किंवा पाथरवटाचा शब्द अधिक नेमका वाटला तेथे मात्र निःसंकोचपणे तो घेतला आहे.

वाचकास एकच विनंती करून हे प्रास्ताविक पुरे करतो. महामार्गाच्या रुंदीकरणात, धरणाच्या कालव्यात, खडीच्या खाणीत आणि विशेषतः विहिरीत खडकाचा ताजा छेद उघडा पडतो तो अल्पकाळ. विहीर बांधून काढली, उतारावर सिमेंट मारले, खाण पाण्याने भरली, की तो कायमचा दृष्टीआड होतो. आपल्या गावात विहिरीचे काम चालू असल्याचे कळताच, बांधकामापूर्वी तेथे जावे. मालकाची अनुमती घेऊन माती, मुरूम, मांजऱ्या, पाषाण, गेरू यांपैकी काय काय लागले आणि प्रत्येकाची जाडी किती फूट हे खणणाराला विचारून त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. प्रत्येक थराचा मुठीएवढा नमुना वेगळ्या पिशवीत घालावा, आणि हे सर्व गावातील शाळेच्या स्वाधीन करावे. पिशवीवर गावाचे नाव, गट नंबर आणि तारीख अवश्य लिहावी, कारण जागेचा दाखला नसलेला नमुना अभ्यासाच्या कामी येत नाही.